टाळ्या कोणाच्या, किल्ल्या कोणाकडे

१९२२ साली जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी कृष्णवर्णीय अमेरिकी कवींच्या कवितांचं एक संकलन प्रसिद्ध केलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ठामपणे म्हटलं होतं की, ज्या समाजाने थोर साहित्य आणि कला निर्माण केली, त्या समाजाला जगाने कधीही हीन लेखलेलं नाही. तेव्हा लिहा, चित्रं काढा, गाणी रचा. वंशद्वेष त्यापुढे टिकणार नाही, हा त्यामागचा विश्वास. हेच जॉन्सन त्या काळात वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींची दारं ठोठावत होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे ते सचिव होते आणि झुंडीने माणसं ठार मारण्याविरुद्धचं डायर विधेयक पुढे रेटण्याचं काम त्यांच्याकडे होतं. जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने विधेयक मंजूर केलं. वर्ष सरता सरता सिनेटमधल्या दक्षिणेकडच्या सदस्यांनी कामकाज रोखून धरलं आणि विधेयक बारगळलं. देशपातळीवर असा कायदा व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं. मधल्या शंभर वर्षांत या समाजाने जगाला थोर साहित्य दिलं नाही, असं कोण म्हणू शकेल?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जे घडलं, त्याला हार्लेम रेनेसाँ म्हणतात. त्याची गोष्ट बहुधा प्रतिभेला आलेला बहर म्हणून सांगितली जाते. प्रतिभा होतीच, त्याबद्दल वादच नाही. पण ही मांडणी मला अपुरी वाटते, आणि घातकही. दडपलेल्या समाजाने आधी कलेतून आपली लायकी दाखवावी, सन्मान मागोमाग येईल, हा सल्ला आजही बिनदिक्कत दिला जातो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ हार्लेमचं नाव घेतलं जातं. हार्लेमचा अनुभव नीट पाहिला तर तो नेमका उलटं सांगतो. टाळ्या भरपूर मिळाल्या. पण ते साहित्य जिथे छापलं गेलं, ती चित्रं जिथे टांगली गेली आणि ते कागद ज्या कपाटात राहिले, तिथल्या किल्ल्या कोणाकडे होत्या, यावरच पुढे काय टिकलं आणि काय मातीत गेलं हे ठरलं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून, झुंडींच्या दहशतीतून सुटून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडच्या शहरांत आली. कारखान्यांना हात हवे होते. हार्लेम हे मुळात गोऱ्या मध्यमवर्गासाठी बांधलेलं उपनगर. घरांचा बाजार कोसळल्यावर ते या लोकांसाठी खुलं झालं. या लोकांसोबत त्यांची वर्तमानपत्रं आली, चर्च आली आणि दोन मासिकं उभी राहिली: कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांचं ‘क्रायसिस’ आणि चार्ल्स जॉन्सन यांचं ‘ऑपॉर्च्युनिटी’.

‘क्रायसिस’च्या साहित्य विभागाच्या संपादक होत्या जेसी फॉसेट. लँग्स्टन ह्यूज या विशीतल्या मुलाची नद्यांवरची कविता त्यांनी जून १९२१ च्या अंकात छापली आणि एक कवी जगापुढे आला. १९२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबात एक मेजवानी झाली. गोरे प्रकाशक, संपादक आणि कृष्णवर्णीय लेखक एका छताखाली आले. रेनेसाँची सुरुवात पुष्कळदा याच संध्याकाळपासून धरतात. निमित्त होतं फॉसेट यांच्या पहिल्या कादंबरीचं. प्रत्यक्षात सारा झोत नव्या पिढीच्या घोषणेवर राहिला आणि ज्यांच्यासाठी समारंभ होता त्या बाजूला पडल्या. याबद्दलची नाराजी त्यांनी पुढे समारंभाचे सूत्रसंचालक, तत्त्वज्ञ अ‍ॅलन लॉक यांना पत्रातून स्पष्ट कळवली. त्या कादंबरीला आधी एका प्रकाशकाने नकार दिला होता. कृष्णवर्णीय माणसं अशी सुशिक्षित, घरंदाज असतील अशी गोऱ्या वाचकांची अपेक्षाच नसते, हे त्याचं कारण. १९२६ मध्ये ‘क्रायसिस’ सोडल्यावर फॉसेट यांनी प्रकाशनसंस्थेत नोकरी शोधली. रंगाची अडचण होत असेल तर मी घरून काम करीन, असंही त्यांनी एका परिचिताला लिहिलं. एका अख्ख्या पिढीला घडवणारी ही संपादक कोणत्याही प्रकाशनगृहात न दिसता काम करायला तयार होती, आणि तरीही जागा मिळाली नाही. त्या शाळेत फ्रेंच शिकवायला परत गेल्या. हार्लेमच्या लेखकांची पुस्तकं त्या वर्षांत धडाधड छापली जात होती. छापणाऱ्यांच्या टेबलापाशी मात्र फॉसेट यांना खुर्ची नव्हती.

आता पार्क अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका घरात जाऊ. शार्लट ऑसगुड मेसन ही श्रीमंत, वृद्ध विधवा कृष्णवर्णीय कलावंतांना पैसे देत असे. तिला ‘गॉडमदर’ म्हणायचं, अशी रीत होती. डिसेंबर १९२७ मध्ये लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी तिच्याशी करार केला. महिना २०० डॉलर, एक चित्रीकरणाचा कॅमेरा आणि एक मोटार. त्या बदल्यात हर्स्टन यांनी दक्षिणेत हिंडून लोककथा, गाणी, चालीरीती गोळा करायच्या. हर्स्टन यांना हे काम जिवापाड आवडत होतं. फ्लॉरिडातल्या ईटनव्हिल या पूर्णपणे कृष्णवर्णीयांच्या गावात त्या वाढल्या होत्या. दुकानाच्या ओट्यावर बसून थापा मारणाऱ्या माणसांच्या गोष्टी त्यांच्या कानात होत्या आणि फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली मानववंशशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं होतं. इतकी तयारीची माणसं विरळा. पण करार असा की जमवलेली सामग्री मेसनबाईंच्या मालकीची. त्यांच्या परवानगीशिवाय ती कोणाला दाखवायची नाही, छापायची नाही. आपल्याच गावच्या ओट्यावरच्या, आपल्याच आयाआजींच्या गोष्टी, आणि त्या कागदावर उतरल्या की दुसरीच्या!

ह्यूज यांनाही मेसनबाई पैसे देत होत्या. त्यांना या कवीत आदिम आफ्रिका हवी होती, अरण्यातले ढोल हवे होते. ह्यूज यांनी नंतर आत्मचरित्रात लिहिलं की, मी काही आफ्रिका नव्हतो. मी शिकागो होतो, कॅन्सस सिटी होतो, ब्रॉडवे आणि हार्लेम होतो. १९३० मध्ये त्यांचं फाटलं. मनाला झालेली ती जखम इतकी खोल होती की ह्यूज आजारी पडले.

गोऱ्या आश्रयदात्यांना कृष्णवर्णीय माणूस रांगडा, उन्मुक्त, आदिम हवा होता. त्याच हार्लेममधल्या कॉटन क्लबात रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकार आणि समोर फक्त गोरे प्रेक्षक अशी व्यवस्था होती. १९२७ च्या डिसेंबरपासून ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद तिथे वाजत असे. हार्लेमच्या लोकांना हार्लेममधल्याच त्या सभागृहात गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता.

दुसरीकडून उलट मागणी येत होती. ती घरातून. १९२७ मध्ये ह्यूज यांचा दुसरा कवितासंग्रह आला. त्यात लिफ्ट चालवणारे होते, पिकदाण्या घासणारे होते, दारू पिऊन रडणाऱ्या बायका होत्या आणि त्यांची भाषा ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यांची होती. कृष्णवर्णीयांच्याच वर्तमानपत्रांनी त्याला कचरा म्हटलं. एकाने कवीला गटारात राहणारा ठरवलं. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय लेखक क्लॉड मकाय यांची हार्लेमच्या रात्रींवरची कादंबरी वाचून ड्यू बॉइस यांनी लिहिलं की तिच्यातल्या घाणीनंतर आंघोळ करावीशी वाटते.

ड्यू बॉइस यांना इथे खलनायक ठरवणं सोपं आहे, आणि तो अन्याय होईल. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने कृष्णवर्णीय माणूस म्हणजे पशू असं चित्र देशभर दाखवून पैसा केला होता. तोंडाला काजळी फासून गोऱ्या नटांनी केलेल्या नकला पिढ्यान् पिढ्या चालल्या होत्या. चित्रातून झालेल्या बदनामीचा शेवट दोरखंडात होतो, हे ज्याने पाहिलं आहे तो माणूस कलेकडून इभ्रत मागेलच. १९२६ मध्ये त्यांनी म्हटलं की सगळी कला प्रचार असते आणि असलीच पाहिजे. यातला त्यांचा संताप मला समजतो. तरीही त्यांची मागणी मला मान्य नाही, कारण ती मान्य केली की लेखकाने कागदापाशी बसताना खांद्यामागे उभ्या असलेल्या गोऱ्या परीक्षकाला विचारून प्रत्येक ओळ लिहायची. मेसनबाईंना रानटीपणाचा पुरावा हवा होता, वर्तमानपत्रांना सभ्यतेचा. लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला काय वाटतं, याची चौकशी दोघांनाही करायची नव्हती.

ह्यूज यांनी याचं उत्तर जून १९२६ मध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकात दिलं होतं. आम्ही तरुण कलावंत भीती आणि लाज न बाळगता आमचं काळं असणं व्यक्त करणार. गोऱ्यांना आवडलं तर आनंद, नाही आवडलं तरी बिघडत नाही. आपल्या लोकांना आवडलं तर आनंद, नाही आवडलं तरी हरकत नाही, असा त्या लेखाचा आशय. त्या काळातलं मला सर्वांत जवळचं वाटणारं लेखन हेच. पण नुसत्या निर्धाराने छपाईचं बिल भागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉलेस थर्मन यांच्या संपादनाखाली ह्यूज, हर्स्टन, चित्रकार आरन डग्लस अशा मंडळींनी ‘फायर’ नावाचं स्वतःचं मासिक काढलं. किंमत एक डॉलर, त्या काळी भारीच. एकच अंक निघाला. उरलेल्या शेकडो प्रती एका इमारतीच्या तळघरात ठेवल्या होत्या, त्या आगीत जळाल्या. छपाईच्या कर्जापायी थर्मन यांचा पगार पुढे काही वर्षं कापला जात होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गोऱ्यांचा पैसा आणि गोऱ्यांच्या प्रकाशनसंस्था नसत्या तर यातलं काहीच वाचकांपर्यंत गेलं नसतं. गोरे लेखक कार्ल व्हॅन व्हेक्टन यांनी हस्तलिखित क्नॉफ या प्रकाशनसंस्थेकडे नेलं म्हणून ह्यूज यांचा पहिला संग्रह १९२६ मध्ये निघाला. आश्रयदाते तर सगळ्याच कलांना लागतात, मग हार्लेमपुरतीच तक्रार का? खरं आहे. म्हणूनच पैसा कोणाच्या खिशातून आला, एवढ्यावर मी काही म्हणत नाही. तो पैसा कोणत्या अटीवर आला आणि आल्यावर कोणाच्या ताब्यात राहिला, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी एका शिल्पकर्तीचं उदाहरण पुरेसं बोलकं आहे.

ऑगस्टा सॅव्हेज फ्लॉरिडातल्या. लहानपणी मातीचे छोटे प्राणी घडवायच्या. वडील धर्मोपदेशक, मूर्ती घडवणं त्यांना पाप वाटे, म्हणून मार बसे. १९२३ मध्ये फ्रान्समधल्या फोंतेनब्लो इथल्या उन्हाळी कलाशाळेने त्यांची निवड रद्द केली, कारण त्या कृष्णवर्णीय होत्या. सॅव्हेज गप्प बसल्या नाहीत; त्यांनी प्रकरण वर्तमानपत्रांत नेलं. १९२९ मध्ये वाकडी टोपी घातलेल्या एका मुलाच्या अर्धपुतळ्याने त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली आणि त्या पॅरिसला गेल्या. ब्राँझमध्ये ओतण्याचा खर्च परवडत नसल्याने त्यांचं बरंचसं काम प्लॅस्टरमध्येच राहिलं. वरून रंग देऊन त्याला ब्राँझसारखं रूप द्यायचं.

१९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांना एक शिल्प करायला सांगितलं गेलं. त्यांनी १६ फूट उंचीची वीणा घडवली. एका रांगेत उभ्या असलेल्या, गाणाऱ्या बारा मुलामाणसांच्या अंगावरच्या वस्त्रांच्या चुण्या म्हणजे त्या वीणेच्या तारा, आणि त्या साऱ्यांना खालून तोलून धरणारा एक भव्य हात. विषय होता जेम्स वेल्डन जॉन्सन यांनीच लिहिलेलं, कृष्णवर्णीय समाज राष्ट्रगीतासारखं गातो ते गीत. लोक त्या शिल्पापुढे थांबत होते. त्याची पोस्टकार्डं आणि छोट्या प्रतिकृती विकल्या गेल्या. प्रदर्शन संपलं, ओतकामाला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती, आणि बाकीच्या मंडपांबरोबर बुलडोझरने ते शिल्प पाडलं. आज त्या प्रतिकृती आणि छायाचित्रं उरली आहेत. शिल्पाला गर्दी लाभली होती, कौतुक लाभलं होतं. एका गोदामाची सोय झाली नाही.

पण याच सॅव्हेज यांची दुसरी बाजू आहे आणि ती मला वीणेपेक्षा मोठी वाटते. पॅरिसहून परतल्यावर त्यांनी हार्लेममध्ये कलावर्ग सुरू केले. १९३७ मध्ये सरकारी कला योजनेच्या पैशातून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उभं राहिलं, त्याच्या त्या पहिल्या संचालक झाल्या. कोणीही यावं, शिकावं. जेकब लॉरेन्स नावाचा एक पोरगा त्यांच्या नजरेत भरला. सरकारी योजनेत चित्रकार म्हणून त्याचं नाव लागावं यासाठी त्या स्वतः त्याला घेऊन कचेरीत गेल्या. वय कमी म्हणून परत पाठवलं, तेव्हा तो २१ वर्षांचा झाल्यावर पुन्हा घेऊन गेल्या. दर आठवड्याला ठरलेला पगार, रंग आणि वेळ त्याला मिळाला. एका तरुण चित्रकाराला याहून जास्त काय हवं असतं?

लॉरेन्स यांचं दुसरं घर म्हणजे १३५ व्या रस्त्यावरचं सार्वजनिक ग्रंथालय. तिथे आर्तुरो शोम्बर्ग यांचा संग्रह होता. कृष्णवर्णीयांना इतिहास नसतो, असं बालपणी पोर्तो रिकोत एका शिक्षकाने आपल्याला सांगितल्याचं शोम्बर्ग सांगत. ते पुढे बँकेत टपाल विभागात नोकरी करत आणि आयुष्यभर पुस्तकं, हस्तलिखितं, जुनी चित्रं जमवत. १९२६ मध्ये कार्नेगी संस्थेने दिलेल्या १० हजार डॉलरमधून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने हा संग्रह विकत घेतला आणि हार्लेममध्येच ठेवला. काही वर्षांनी शोम्बर्ग स्वतः त्याचे व्यवस्थापक झाले. मेसनबाईंच्या २०० डॉलरमध्ये आणि या १० हजारांमध्ये फरक आहे तो इथे. दोन्ही पैसा गोऱ्यांचा. पण एका पैशाने ऐवज बाईंच्या घरी गेला, दुसऱ्याने तो वस्तीतल्या कोणाही शाळकरी मुलाच्या हाती आला.

दक्षिणेतून आलेल्या लोकांच्या स्थलांतरावर चित्रमालिका करायची ठरवल्यावर लॉरेन्स महिनोन् महिने याच ग्रंथालयात वाचत बसले. १९४०-४१ मध्ये त्यांनी ६० फलक रंगवले. सगळे फलक एकदम मांडायचे आणि एकेक रंग सगळ्यांवर फिरवत न्यायचा, म्हणजे पहिल्यापासून साठाव्यापर्यंत तांबडा तोच तांबडा राहतो, अशी त्यांची पद्धत. त्या फलकांत रेल्वे स्थानकावरची गर्दी आहे, रिकामं शेत आहे, फांदीवरून लोंबणारा दोर आहे आणि त्याखाली वाकून बसलेलं एक माणूस आहे. कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचं आहे, असा ताण त्यांत मला कुठे दिसत नाही.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. दलित साहित्याला आपल्याकडे जे ऐकावं लागलं तेही हार्लेमच्या लेखकांना ओळखीचं वाटलं असतं. एक म्हणतो, शिव्या कशाला, सौंदर्य कुठे आहे? दुसरा म्हणतो, वेदना आणखी दाखवा. दोघेही परीक्षकाची खुर्ची सोडायला तयार नसतात. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ दशकानुदशकं चालवलं, त्याचं मोल या पार्श्वभूमीवर कळतं. लेखकाला उत्तर देण्याआधी छापायला जागा लागते, आणि ती आपली असावी लागते.

हर्स्टन यांच्या एका पुस्तकापाशी हे सगळे धागे एकत्र येतात. १९२७ पासून त्या अलाबामात मोबिलजवळ राहणाऱ्या कुजो लुइस या म्हाताऱ्याला भेटत होत्या. त्यांचं मूळ नाव कोसोला. गुलामांची आयात कायद्याने बंद होऊन अर्धं शतक उलटल्यावर, १८६० मध्ये, क्लोटिल्डा नावाच्या जहाजातून त्यांना चोरून आणलं होतं. हर्स्टन पीच घेऊन जायच्या, कधी दोघं बसून कलिंगड खायचे, आणि म्हातारा बोलायच्या मूडमध्ये नसेल तर त्या नुसत्याच बसायच्या. या कामाला मेसनबाईंचा पैसा लागला, हे मान्यच केलं पाहिजे. १९३१ मध्ये हस्तलिखित तयार झालं. व्हायकिंग या प्रकाशनसंस्थेला रस होता, पण त्यांना कुजोची बोली नको होती, सरळ प्रमाण इंग्रजी हवी होती. हर्स्टन यांनी नकार दिला. सहा वर्षांनी त्यांच्या गाजलेल्या कादंबरीवर डाव्या विचारांचे कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइट यांनी टीका केली की तिला ना विषय ना संदेश, ती गोऱ्यांच्या करमणुकीसाठी लिहिली आहे; म्हणजे डावीकडूनही तीच परीक्षा. १९६० मध्ये हर्स्टन फ्लॉरिडात हलाखीत वारल्या. त्यांच्या घरातले कागद कोणीतरी जाळायला काढले होते. रस्त्याने जाणाऱ्या, त्यांना ओळखणाऱ्या एका कृष्णवर्णीय पोलिसाने आगीवर पाणी मारलं म्हणून त्यातले बरेच वाचले.

कुजोच्या आत्मकथनाची प्रत मात्र आगीच्या आणि मेसनबाईंच्या पल्ल्याबाहेर होती. ती अ‍ॅलन लॉक यांच्या कागदपत्रांबरोबर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या संस्थेच्या संग्रहात, जपून ठेवलेली होती. अभ्यासक ती तिथे जाऊन वाचत आले. २०१८ मध्ये ‘बॅराकून’ या नावाने ती पुस्तकरूपात आली, तेव्हा कुजोचं बोलणं हर्स्टन यांनी उतरवून घेतलं होतं तसंच, त्याच बोलीत छापलं गेलं.